स्पॅनिश आली कुठून आणि पसरली कशी: सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

शनिवार-रविवार मी स्पॅनिशची एक छोटी बॅच घेते. क्रियापदं सुरू व्हायच्या आधी लोकांना भाषेचा इतिहास विचारायचा असतो आणि दर बॅचला प्रश्न तेच. तेव्हा एकदाच सगळं टाइप करून ठेवतेय, पुढच्या वेळी लिंक पाठवली की झालं. स्पॅनिश शब्द देवनागरीत लिहिलेत, उच्चार उन्नीस-बीस होईल, चालवून घ्या.

स्पॅनिश म्हणजे बिघडलेली लॅटिनच ना?

बिघडलेली म्हणू नका, मराठीला कोणी बिघडलेली संस्कृत म्हटलं की आपल्याला कसं वाटतं तसंच ते. पण हो, मूळ लॅटिनच. इ.स.पू. २१८ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजशी युद्ध चालू असताना रोमन सैन्य आजच्या स्पेनच्या किनाऱ्यावर उतरलं आणि स्पेन-पोर्तुगालचं पूर्ण द्वीपकल्प ताब्यात यायला जवळजवळ २०० वर्षं गेली. या काळात तिथं जी लॅटिन रुजली ती सिसेरोसारख्या नावाजलेल्या रोमन वक्त्याच्या भाषणातली नव्हे, सैनिकांची, व्यापाऱ्यांची, जमिनी मिळून तिथंच स्थायिक झालेल्या लोकांची. पुस्तकी लॅटिनमध्ये घोड्याला एक्वुस, पण बाजारात लोक म्हणायचे काबाल्लुस, म्हणजे साधं तट्टू. आजचा स्पॅनिश काबायो त्या तट्टूवरून आलाय. आपल्याकडे नाही का, ग्रंथात अश्व आणि गावात घोडा. गंमत म्हणजे एक्वुस आणि अश्व हे शब्द लांबचे भाऊ आहेत, आणि दोन्हीकडे रोजच्या बोलण्यातून तोच भाऊ बाहेर गेला.

रोमन यायच्या आधी तिथं काय बोलायचे?

बऱ्याच भाषा होत्या, इबेरियन, केल्टिबेरियन वगैरे, सगळ्या गेल्या. टिकली फक्त बास्क, आणि ती जगातल्या दुसऱ्या कुठल्याच भाषेची नातेवाईक असल्याचं सिद्ध झालेलं नाही. डाव्या बाजूला स्पॅनिशमध्ये इस्किएर्दा म्हणतात, तो शब्द बास्कच्या एस्केर या शब्दाच्या घरातला. बिअरला सेर्वेसा म्हणतात तो केल्टिक मुळाचा. आणि कुत्र्याला पेर्रो म्हणतात तो कुठून आला यावर अजून भांडणं चालू आहेत.

मग लॅटिन संपली आणि स्पॅनिश सुरू झाली ती तारीख कोणती?

अशी तारीख नसते हो. कुठल्याही आईने लॅटिन बोलून मुलाने स्पॅनिशमध्ये उत्तर दिलेलं नाही. लोक बोलत राहिले, उच्चार झिजत गेले, विभक्ती गळून गेल्या, आणि लिहिताना मात्र सगळे आपण लॅटिनच लिहितोय असं समजून लिहायचे. त्यामुळे लिहिणारा जिथं बेसावध झाला तिथंच खरी बोली सापडते.

माझा सगळ्यात लाडका पुरावा म्हणजे चीजचा हिशोब. लेओन शहराजवळच्या एका मठात साधारण इ.स. ९८० च्या आसपास हिमेनो नावाच्या साधूकडे कोठीचं काम होतं. त्याने एका जुन्या दानपत्राच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहून ठेवलं की चीजचे गोळे कुठं कुठं खर्च झाले. मठाजवळच्या द्राक्षमळ्यात काम चाललं होतं तिथं ५, मठाधिपतीच्या मळ्यात २, यंदा लावलेल्या मळ्यात ४, राजा आला होता तेव्हा ४. बस, एवढंच. पण हिशोब करताना बिचारा व्याकरण सांभाळत बसला नाही, आणि त्यामुळे आपल्याला कळतं की तेव्हा लोक केसो म्हणायचे, जो आज केसोच आहे. किराणाच्या यादीमुळे अमर झालेला माणूस.

दुसरा पुरावा ला रिओहा भागातल्या सान मियान मठातला. तिथं कोणीतरी लॅटिन पोथी वाचताना अडला आणि ओळींच्या मध्ये, मार्जिनमध्ये बोलीभाषेत अर्थ लिहीत गेला, शाळेत आपण इंग्रजीच्या पुस्तकात पेन्सिलने मराठी अर्थ लिहायचो तसं. त्यात दोन नोंदी चक्क बास्कमध्ये आहेत. हे लिखाण १० व्या-११ व्या शतकातलं मानतात, आणि ही बोली नक्की कास्तियाची, म्हणजे स्पॅनिशच्या माहेरची, की शेजारच्या नावारा-आरागोनची यावर वाद आहे. आपल्याकडे अक्षीचा शिलालेख आधीचा की श्रवणबेळगोळचा यावर जसे लोक हातघाईवर येतात तसंच.

कास्तेयानो आणि एस्पान्योल यात फरक काय?

भाषा एकच, नावं दोन. स्पेनच्या उत्तरेला बुर्गोसच्या आसपास कास्तिया नावाचा किल्ल्यांचा मुलुख होता, तिथल्या बोलीचं नाव कास्तेयानो. स्पेनमध्ये कातालान, गालिसियन, बास्क याही भाषा आहेत, म्हणून १९७८ च्या राज्यघटनेत देशाच्या अधिकृत भाषेचं नाव कास्तेयानो असंच लिहिलंय. बार्सेलोनात कोणाला तुम्ही एस्पान्योल म्हणालात आणि तो कास्तेयानो म्हणाला तर त्याला राजकारण कळतं एवढं समजून गप्प बसा. तिकडे अर्जेंटिनातही बरेच लोक कास्तेयानोच म्हणतात, मेक्सिकोत एस्पान्योल जास्त चालतं.

एवढ्या बोलींमधून कास्तियाचीच का जिंकली? ती जास्त गोड होती का?

गोडपणाचा काही संबंध नाही, तलवारीचा आणि कागदाचा आहे. कास्तियाचं राज्य दक्षिणेकडे सरकत गेलं, १०८५ ला तोलेदो, १२३६ ला कोर्दोबा, १२४८ ला सेविया, आणि सैन्याबरोबर वस्ती करायला गेलेल्या लोकांबरोबर बोलीही खाली उतरली. पण नुसतं जिंकून भागत नाही, भाषेला दप्तरात जागा लागते. ती दिली दहाव्या आल्फोन्सोने, राज्यकाळ १२५२ ते १२८४. या राजाने कायदे, इतिहास, खगोलशास्त्र सगळं लॅटिनऐवजी कास्तेयानोत लिहून घेतलं. आपल्याकडे ज्ञानेश्वरी १२९० ची, म्हणजे काळ एकच, पण तिकडे हे काम राजाने दरबारातून केलं आणि इकडे घरातून-गावातून बाहेर काढलेल्या पोराने देवळात बसून केलं.

आता मुद्द्याची गोष्ट. हा आल्फोन्सो राजपुत्र असतानाच, १२५१ मध्ये, अरबीतून एक गोष्टींचं पुस्तक कास्तेयानोत आलं, नाव कालिला ए दिमना. ओळखलं का? करटक आणि दमनक! आपलं पंचतंत्र. संस्कृतमधून जुन्या पर्शियनमध्ये, तिथून अरबीत आणि अरबीतून तिकडे. स्पॅनिश गद्यकथा म्हणून जे काही सुरुवातीचं आहे त्यात आपल्या दोन कोल्ह्यांचा नंबर वरचा लागतो, आणि हे मी वर्गात सांगितलं की पुढची १० मिनिटं कोणी ऐकतच नाही.

जाता जाता, आल्फोन्सो हे नाव गॉथ लोकांचं, म्हणजे रोमन सत्ता गेल्यावर ५ व्या शतकात तिथं आलेल्या जर्मानिक टोळ्यांचं. त्याचंच पोर्तुगीज रूप अफोन्सो, आणि आपला हापूस गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो द अल्बुकर्कच्या नावावरून आला असं मानतात. पेटी उघडताना आठवा.

स्पॅनिशमध्ये अरबी शब्द खूप आहेत म्हणे?

हजारोंनी. ७११ मध्ये तारिक इब्न झियादचं सैन्य जिब्राल्टरकडून आत आलं आणि शेवटचं मुस्लिम राज्य ग्रानादा पडलं १४९२ मध्ये. जवळजवळ ८०० वर्षांचा शेजार, शब्द येणारच. पाटबंधारे, शेती, बांधकाम, स्वयंपाक, कचेरी, इथले शब्द बघा. तेलाला आसेइते, उशीला आल्मोआदा, भाताला आर्रोस, नगराध्यक्षाला आल्काल्दे. सुरुवातीला आ किंवा आल् दिसलं की अरबीचा संशय घ्यायचा, कारण अरबीतलं अल् हे उपपद शब्दाला चिकटूनच आलं. आणि ओहाला, म्हणजे ‘असं होवो’, यात चक्क अल्लाह बसलाय, आजही मूळ न कळता कट्टर कॅथलिक आजी दिवसातून चार वेळा म्हणते.

आपल्यासाठी गंमत अशी की यातले काही शब्द अरबांनी आपल्याकडूनच नेले. संस्कृत शर्करा, पर्शियनमध्ये शकर, अरबीत सुक्कर, स्पॅनिशमध्ये आसुकार, आणि आपल्याकडे साखर. नारिंग आणि नारान्हा, कापूर आणि आल्कान्फोर, चतुरंग आणि आहेद्रेस म्हणजे बुद्धिबळ, सगळी तीच कथा. माझ्या बॅचमधल्या एका काकूंनी आसुकार ऐकल्याबरोबर ‘अगो, ही तर आपलीच साखर!’ असं कोकणी सुरात म्हटलं होतं, त्यानंतर तो शब्द वर्गात कोणी विसरलं नाही.

१४९२ मध्ये नक्की काय काय झालं?

सगळंच. जानेवारीत ग्रानादा पडलं. मार्चअखेर ज्यूंना देश सोडायचा हुकूम निघाला. ऑगस्टमध्ये कोलंबस पालोसहून निघाला आणि १२ ऑक्टोबरला पलीकडे पोचला. आणि याच ऑगस्टमध्ये सालामांकात आंतोनियो दे नेब्रिहा यांनी कास्तेयानोचं व्याकरण छापलं, आधुनिक युरोपियन लोकभाषेचं पहिलं छापील व्याकरण. प्रस्तावना राणी इसाबेलला उद्देशून आणि त्यात ते म्हणतात की भाषा कायम साम्राज्याची सोबतीण राहिली आहे. हे वाक्य लोक असं सांगतात जणू नेब्रिहांना अमेरिका दिसत होती. कुठली दिसतेय, कोलंबस तेव्हा समुद्रात होता!

म्हणजे स्पॅनिश लोक अमेरिकेत गेले आणि तिथं सगळे स्पॅनिश बोलायला लागले?

हा सगळ्यात मोठा गैरसमज, म्हणून जरा सविस्तर.

साम्राज्य ३०० वर्षं टिकलं, पण १९ व्या शतकाच्या सुरुवातीला वसाहती स्वतंत्र होत होत्या तेव्हा तिथल्या लोकांपैकी साधारण एक तृतीयांशच स्पॅनिश बोलत असावेत असा अंदाज सांगतात. मग आधी काय चाललं होतं? शहरं स्पॅनिश होती, मेक्सिको सिटी, लिमा, तिथली कोर्टं, बाजार, चर्च. पण खेड्यात मूळ लोकांच्या भाषा, आणि पाद्रीलोकांना धर्म शिकवायची घाई, सगळ्यांना आधी स्पॅनिश शिकवत बसले असते तर जन्म गेला असता, म्हणून त्यांनीच मेक्सिकोकडची नाउआत्ल, पेरूकडची केचुआ अशा भाषा शिकून घेतल्या. स्पेनचा राजा दुसरा फेलिपे याने १५७० मध्ये नाउआत्लला न्यू स्पेनमधल्या, म्हणजे मेक्सिको आणि आसपासच्या, मूळ लोकांची सामायिक भाषा म्हणून मान्यता दिली. १५८४ मध्ये लिमात धर्मशिक्षणाचं पुस्तक छापलं ते स्पॅनिश, केचुआ आणि आयमारा अशा तीन भाषांत. म्हणजे साम्राज्यानेच काही स्थानिक भाषा पसरवल्या, ऐकायला विचित्र वाटतं पण आहे तसं. याच काळात देवी-गोवरासारख्या आजारांनी आणि वेठबिगारीने मूळ लोक प्रचंड संख्येने मेले हेही विसरू नका, कॅरिबियन बेटांवर ताइनो भाषा बोलणारे तर काही दशकांत संपत आले.

धोरण फिरलं १७७० मध्ये, राजा तिसऱ्या कार्लोसने फर्मान काढलं की या सगळ्या भाषा बंद करून फक्त कास्तेयानो चालवा. पण फर्मानाने भाषा शिकता येत नाही, शाळा लागते. आणि शाळा काढल्या नव्या प्रजासत्ताकांनी. स्पेनला हाकलून दिलं आणि स्पेनची भाषा मात्र राष्ट्रभाषा म्हणून घरोघरी पोचवली, शाळा, लष्कर, रेल्वे, वर्तमानपत्रं, शिवाय युरोपातून येणारे लाखो लोक. ब्वेनोस आइरेसमध्ये इतके इटालियन आले की तिथल्या स्पॅनिशचा सूरच इटालियनसारखा वाटतो. वेनेझुएलात जन्मलेले आणि चिलेत राहिलेले आंद्रेस बेयो यांनी १८४७ मध्ये खास अमेरिकेतल्या लोकांसाठी स्पॅनिश व्याकरण लिहिलं, भीती ही की लॅटिनचे जसे तुकडे झाले तसे हिचेही होतील. झाले नाहीत. पण किंमत कोणी दिली ते मूळ भाषांना विचारा, शाळेत केचुआ बोललं म्हणून मार खाल्लेल्या पिढ्या आहेत.

अपवाद पाराग्वाय. तिथं ग्वारानी फक्त मूळ लोकांची राहिली नाही, बाकीचेही मोठ्या संख्येने बोलतात, आणि १९९२ च्या घटनेत ती स्पॅनिशच्या बरोबरीने अधिकृत आहे.

स्पेनच्या राजाची जीभ जड होती म्हणून तिथं स चा थ झाला, खरं का?

नाही, नाही आणि नाही. हा व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड व्हॉट्सअ‍ॅपच्या कितीतरी आधीपासून फिरत असावा.

पेद्रो नावाचा १४ व्या शतकातला एक राजा थोडा बोबडा बोलायचा असं बखरकार लिहितो, पण हा उच्चार आला त्यानंतर दोन-अडीचशे वर्षांनी. शिवाय स्पेनमध्ये स आहेच की! माद्रिदमध्ये कासा म्हणजे घर, साध्या स ने. आणि शिकार या अर्थाचा शब्द, काथा, म्हणताना जीभ दातांच्या मध्ये येते. दोन वेगळे आवाज आहेत, बोबडं असतं तर दोन्ही सारखेच आले असते.

खरं काय झालं ते मराठी माणसाला चटकन कळेल. जुन्या स्पॅनिशमध्ये त्या दुसऱ्या जागी आपल्या ‘चाक’ मधला च होता, ‘चहा’ मधला नव्हे. आणि त्याचा जोडीदार म्हणून ‘जग’ मधला ज. चाक आणि चहा लागोपाठ म्हणून बघा, जीभ कुठं लागते ते. हिंदीवाल्यांना हा फरक समजावताना घाम फुटतो, आपल्याला फुकट मिळालाय. तर १६ व्या-१७ व्या शतकात हे आवाज सैल झाले. उत्तरेत आणि मध्य स्पेनमध्ये जीभ पुढे सरकून दातांत गेली, तर दक्षिणेत, सेवियाकडे, बहुतेक ठिकाणी ते स मध्येच मिसळले. आणि अमेरिकेला जाणारी जहाजं सुटायची सेविया-कादिसहून, वाटेत कॅनरी बेटं. त्यामुळे पलीकडे दक्षिणेचा उच्चार पोचला आणि आज मेक्सिकोपासून चिलेपर्यंत सगळीकडे घर आणि शिकार सारखंच ऐकू येतं, कासा.

मेक्सिकोला ते लोक मेहिको का म्हणतात? लिहितात तर क्ष सारखं अक्षर.

कारण ते अक्षर आधी श होतं, मेशिको. पुढे तो श मागे सरकत घशात गेला आणि ह-ख च्या मधला खरखरीत आवाज झाला. बाकी शब्दांचं स्पेलिंग १८१५ च्या सुमारास बदललं, मेक्सिकोने आपलं जुनं धरून ठेवलं. १६०५ ला छापलेल्या ‘दोन किहोते’ कादंबरीच्या नायकाच्या नावाचंही तेच, फ्रेंच आणि इटालियन लोक अजून ते श लावून म्हणतात. आणि हेरेस गावची वाइन, इंग्रजांनी ती नेली तेव्हा गावाचं नाव शेरेस होतं, म्हणून शेरी.

ह लिहितात आणि म्हणत नाहीत, मग लिहितात कशाला?

बऱ्याच शब्दांत ती जुन्या फ ची खूण. लॅटिन फारिना, मग हारिना, आता उच्चार आरिना, म्हणजे पीठ. बास्कच्या संगतीने फ गेला असं बरेच जण म्हणतात, सगळे नाही.

फिलिपिन्सवर ३०० वर्षं राज्य केलं, मग तिथं स्पॅनिश का नाही?

कारण बोलणारेच गेले नाहीत. १५६५ पासून १८९८ पर्यंत राज्य, पण स्पेन ते मनिला थेट रस्ता नाही, मेक्सिकोतून आकापुल्कोचं जहाज, वर्षाला एखाद-दुसरं. मूठभर अधिकारी आणि पाद्री, आणि पाद्री पुन्हा स्थानिक भाषा शिकूनच काम भागवणारे. स्पॅनिश शिकला तो वरचा वर्ग. फिलिपिन्सचे राष्ट्रीय नायक मानले जाणारे लेखक होसे रिसाल यांनी स्पेनविरुद्ध लिहिलं तेही स्पॅनिशमध्येच. मग १८९८ ला अमेरिका आली, शाळा इंग्रजी झाल्या, खेळ खलास. १९८७ च्या घटनेत स्पॅनिशचा अधिकृत दर्जाही राहिला नाही. शब्द मात्र भरपूर उरले, टेबलाला मेसा, सोमवारला लुनेस, आणि साम्बोआंगाकडे चावाकानो ही स्पॅनिशपासून बनलेली मिश्र भाषा अजून बोलतात.

मग गोव्यात पोर्तुगीज कसे, स्पॅनिश का नाही?

१४९४ चा तोर्देसियासचा करार. स्पेन आणि पोर्तुगालने अटलांटिकमध्ये उभी रेघ मारून जग वाटून घेतलं, ज्यांचं जग होतं त्यांना कोणी विचारलं नाही. पूर्वेची वाट पोर्तुगालकडे गेली.

पण एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. १५८० ते १६४० या ६० वर्षांत स्पेन आणि पोर्तुगालचा राजा एकच होता, म्हणजे गोवा आणि वसई कागदावर स्पेनच्या राजाच्या हाताखाली होते. तरी कारभार पोर्तुगीजांकडेच राहील असं ठरलेलं असल्यामुळे भाषा आली नाही.

आली ती बहीण. आणि बहिणीमुळे तुम्हाला अर्धवट स्पॅनिश आधीच येतं. पाव म्हणजे पान, चावी म्हणजे यावे, मेस्त्री म्हणजे माएस्त्रो, आणि पगार तर पागार, स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ पैसे देणे. बटाट्याचा प्रवास सगळ्यात लांबचा. कॅरिबियन बेटांवरचे ताइनो रताळ्याला बाताता म्हणायचे, तो शब्द स्पॅनिशने उचलला, पोर्तुगीजने घेतला, आणि आपल्याकडे वेगळ्याच कंदाला चिकटला. स्पेनमध्ये त्याची केचुआतल्या पापाशी भेसळ होऊन पाताता झाला, आणि लॅटिन अमेरिकेत नुसतं पापा. म्हणून लिमात बटाटा मागताना आधी स्वर नीट लावा, कारण वडिलांना पापा म्हणतात ते शेवटच्या अक्षरावर जोर देऊन.

१४९२ ला हाकललेल्या ज्यूंच्या भाषेचं काय झालं?

त्यातले बरेच ऑटोमन म्हणजे तुर्की राज्यात गेले, आताच्या ग्रीसमधलं थेस्सालोनिकी, इस्तंबूल, आणि घरात १५ व्या शतकातली स्पॅनिश बोलत राहिले. तिला लादिनो म्हणतात. मेशिकोतला तो जुना श तिच्यात अजून आहे. थेस्सालोनिकीची मोठी वस्ती नाझींनी १९४३ मध्ये आउशविट्झला पाठवून संपवली. आता बोलणारे थोडे आणि बहुतेक म्हातारे.

आफ्रिकेत कुठं बोलतात का?

इक्वेटोरियल गिनी, १९६८ ला स्पेनपासून स्वतंत्र. शिवाय पश्चिम सहारातल्या सहरावी लोकांत चालते.

आज एकूण किती लोक बोलतात?

मातृभाषा म्हणून ४८ ते ५० कोटींच्या आसपास, २० देशांत कारभाराची भाषा, वर पोर्तो रिको. सगळ्यात जास्त मेक्सिकोत. अमेरिकेत म्हणजे यूएसमध्ये घरी स्पॅनिश बोलणारे ४ कोटींच्या वर आहेत, आणि ते सगळे बाहेरून आलेत असं समजू नका, १८४८ च्या तहात मेक्सिकोचा अर्धा मुलुख अमेरिकेने घेतला तेव्हा माणसं तिथंच होती, सरहद्द सरकली.

शेवटचा प्रश्न, स्पेनची शिकू की मेक्सिकोची?

ज्यांच्याशी बोलायचंय त्यांची. माद्रिदची अकादमी १७१३ पासून नियम करते, पण आता बाकी देशांच्या अकादम्यांशी बोलून, त्यामुळे लिहायची भाषा सगळीकडे जवळजवळ एकच आहे. फरक पडतो बोलताना. तू ला स्पेन-मेक्सिकोत तू च म्हणतात, हो, आपलाच तू. अर्जेंटिनात त्याऐवजी वोस. मान द्यायचा असेल तर उस्तेद, जे ‘वुएस्त्रा मेर्सेद’ म्हणजे साधारण ‘आपली कृपा’ याचं झिजून झिजून झालेलं रूप. कोलंबियात काही भागात नवरा-बायको, आई आणि मूलसुद्धा एकमेकांना उस्तेद म्हणतात. माझ्याकडे एक जण ऑफिसच्या कामासाठी बोगोताच्या टीमशी बोलायचा, त्याला वाटलं समोरचा चिडलाय म्हणून उस्तेदवर आला. चिडला नव्हता, त्यांच्याकडे बोलतातच तसं.